अँपिअरचा काटा काय सांगतो?



मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. आपले एक जुने सभासद उसाच्या ट्रॅक्टरबरोबर यार्डात आले होते. नंबर लागायला वेळ होता, म्हणून ते गव्हाणीपाशी उभे राहून ऊस पडताना बघत होते. बघता बघता केन कॅरिअर मंद झाला आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा पूर्वीसारखा चालू लागला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तात्या तडक आमच्या शेती ऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, यार्डात गाड्यांची रांग लागलीय आणि तुमची माणसं कॅरिअर मुद्दाम हळू चालवत्यात. आम्ही डोळ्यानं बघितलंय."

आम्ही त्यांना घेऊन वर कंट्रोल केबिनमध्ये गेलो. ऑपरेटर काचेतून खाली बघत बसला होता. त्याचा हात एकाही बटनावर नव्हता. तेवढ्यात कॅरिअर पुन्हा मंद झाला. "आता कुणी हळू केला?" तात्यांनी विचारले. विद्युत विभागाच्या इंजिनिअरांनी पॅनेलवरच्या एका मीटरकडे बोट दाखवले. "तात्या, ह्यानं केला. ऊस तोडणाऱ्या मोटारीचे अँपिअर वाढले, म्हणून कॅरिअरने आपोआप दम घेतला."

तात्यांचे समाधान झाले, पण आमचे झाले नाही. आमचे शिक्षण शेती पदविकेचे; लागण, खते, बेणे ह्यांत आमचा जन्म गेला. अँपिअर हा शब्द रोज कानावर पडायचा, पण तो मीटर मोटारीच्या पोटातले कसे ओळखतो हे आम्ही कधी विचारले नव्हते. त्या दिवसापासून विद्युत विभागाच्या मागे लागून आम्ही ते समजून घेतले. ते आपणासही सांगावे असे वाटले, कारण जी गोष्ट गव्हाणीवरच्या मोटारीला लागू आहे तीच आपल्या विहिरीवरच्या मोटारीलाही लागू आहे. ती न कळल्यामुळे दर उन्हाळ्यात आपल्या भागात किती मोटारी जळतात आणि किती खोडवे वाळतात, हे आपण जाणताच.

करंट म्हणजे मोटारीचा श्वास

पाण्याचे उदाहरण घेऊ. टाकी उंचावर असली की पाण्याला दाब येतो. विजेतला दाब म्हणजे व्होल्टेज. पाइपातून दर सेकंदाला किती पाणी वाहते तो प्रवाह. विजेतला प्रवाह म्हणजे करंट, आणि तो मोजायचा अँपिअरमध्ये.

मोटारीचा एक गुण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ती विजेच्या तारेतून ठराविक करंट घेत बसत नाही. जेवढे ओझे पडेल तेवढाच ओढते. बैल रिकाम्या गाडीला शांत चालतो, भरल्या गाडीला धापा टाकतो, आणि चाक चिखलात रुतले की त्याचा ऊर फुटायची वेळ येते. मोटारीचेही तसेच आहे. बैलाची धाप आपल्याला दिसते, मोटारीची दिसत नाही. अँपिअरच्या काट्यावर ती दिसते, एवढाच काय तो फरक.

तार न तोडता करंट मोजायचा कसा?

इथे खरी गंमत आहे. पाण्याचा प्रवाह मोजायला पाइप तोडून मीटर बसवावा लागतो. विजेचा प्रवाह तारेला हात न लावता मोजता येतो. ह्याचे मूळ 1820 सालच्या एका शोधात आहे. डेन्मार्कमधले शास्त्रज्ञ ऑर्स्टेड ह्यांना दिसले की तारेतून वीज गेली की जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलते. म्हणजे वीज वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकत्व तयार होते. करंट जास्त तर चुंबकत्व जास्त, करंट कमी तर तेही कमी. पुढे 1831 साली इंग्लंडमध्ये फॅरेडे ह्यांनी दाखवून दिले की बदलत्या चुंबकत्वात वेटोळे ठेवले तर त्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते.

ह्या दोन गोष्टी जोडल्या की सी.टी. तयार होतो. सी.टी. म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. लोखंडी पत्र्यांची एक कडी असते, तिच्यावर बारीक तारेचे वेढे असतात, आणि कडीच्या मधून मोटारीची मोठी केबल नुसती ओवलेली असते. केबलमधून 100 अँपिअर गेले की वेढ्यांतून 5 अँपिअर बाहेर येतात. अशा सी.टी.वर 100/5 असे लिहिलेले असते. वाघाला पिंजऱ्यात ठेवून बाहेरून त्याचे वजन करावे, तसा हा प्रकार. मोठा करंट आपल्या जागी राहतो आणि त्याची लहान, पण प्रमाणात असलेली नक्कल मीटरकडे जाते.

वायरमनच्या हातात चिमट्यासारखे यंत्र असते, त्याला आपण टाँग टेस्टर म्हणतो. तेही सी.टी.च आहे, फक्त उघडझाप करता येणारा. त्याचा चिमटा नेहमी एकाच तारेभोवती लावायचा असतो. तिन्ही तारा एकदम चिमट्यात धरल्या तर चालत्या मोटारीवरही तो शून्य दाखवील, कारण तिन्ही तारांचे चुंबकत्व एकमेकांना छेद देते. आणि तसे धरूनही शून्य येत नसेल, तर समजावे की काही करंट चौथ्याच वाटेने, म्हणजे केसिंगमधून, ओल्या मातीतून किंवा पाइपातून पळतो आहे. जमिनीत गळणारी वीज पकडणारी रिले ह्याच तत्त्वावर चालते. विहिरीच्या काठावर अनवाणी उभ्या राहणाऱ्या माणसाचा जीव ह्या रिलेने वाचतो.

सी.टी. बदलत्या म्हणजे ए.सी. करंटवरच चालतो. साखर कारखान्यांत काही ठिकाणी डी.सी. मोटारी असतात. तिथे हॉल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1879 साली शोधलेल्या गुणावर चालणारे यंत्र लावतात. ते स्थिर चुंबकत्वही ओळखते.

आता ट्रान्सड्यूसर म्हणजे काय? सी.टी.ने आणलेली नक्कल दूरच्या केबिनपर्यंत किंवा संगणकापर्यंत पोहोचवायची, तर तिला एका ठराविक भाषेत आणावे लागते. ते काम ट्रान्सड्यूसर करतो. बहुतेक कारखान्यांत ही भाषा 4 ते 20 मिलिअँपिअरची असते. समजा मोटारीचे माप 0 ते 200 अँपिअर ठरवले आहे. मोटार बंद असेल तर ट्रान्सड्यूसर 4 सांगतो, 100 अँपिअरला 12 आणि 200 ला 20. आम्ही विचारले, "सुरुवात शून्यापासून का नाही?" इंजिनिअर म्हणाले, "शून्य आले तर मोटार बंद आहे की मधली तार उंदराने कुरतडली, हे कसे कळणार? 4 आले तर मोटार बंद. शून्य आले तर तार तुटली." साधीच युक्ती, पण आम्हाला फार आवडली.

गव्हाणीवर काय घडते?

ऊस कॅरिअरवरून लेव्हलर, कटर आणि फायब्रायझरकडे जातो. तिथे त्याचा भुगा होतो आणि मग तो मिलमध्ये पिळला जातो. कॅरिअरवर उसाचा थर एकसारखा कधीच नसतो. कुठे ढीग, कुठे मोकळे. ढीग आला की फायब्रायझरच्या मोटारीवर ओझे पडते, अँपिअर वाढतात, ट्रान्सड्यूसर तसे कळवतो आणि कॅरिअरचा वेग आपोआप कमी होतो. ओझे उतरले की वेग पुन्हा वाढतो. असे केले नाही तर ऊस अडकून मोटार ट्रिप होते. मग सगळी साखळी थांबवून माणसे आत उतरवून गुंता काढावा लागतो. अर्ध्या मिनिटाची मंदी टाळायला गेले तर तासाभराचा बंद पदरात पडतो. तात्यांना जी दिरंगाई वाटली तीच यार्डातली रांग पुढे सरकवत होती.

दुसरीकडेही हा काटा कामाला येतो. पॅनमध्ये साखरेचा पाक शिजताना तो जसा घट्ट होतो तशी आतल्या रवीच्या मोटारीची धाप वाढते. पाक किती घट्ट झाला ह्याचा अंदाज त्या अँपिअरवरून बांधता येतो. एखाद्या पंपाचा करंट आठवड्यागणिक थोडा थोडा चढत असेल, तर बेअरिंग घासू लागले असेल किंवा आत काही अडकू लागले असेल. मोटार बंद पडण्याआधीच फिटरला पाठवता येते.

ह्यात आपलाही वाटा आहे, तोही सांगतो. उसाबरोबर पाचट, वाढे, मुळ्या आणि मातीची ढेकळे आली की तोच काटा उगाच वर चढतो. साखर तेवढीच, ओझे मात्र जास्त. टोळीच्या हातून कोयता किंवा साखळीचा तुकडा मोळीत राहिला तर काटा एकदम उसळी घेतो आणि पुढचे सांगायला नको. साफ ऊस पाठवा असे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो. त्याचा पुरावा आता केबिनमध्ये लिहिला जातो.

आता विहिरीकडे येऊ

आमच्या गटातल्या एका सभासदाची हकिकत सांगतो. नाव सांगत नाही. विहिरीवर साडेसात हॉर्सपॉवरची पाणबुडी मोटार, खाली तीन एकर खोडवा. एका उन्हाळ्यात त्यांची मोटार दोनदा जळाली.

पहिल्यांदा विहिरीचे पाणी खाली गेले होते. रात्री मोटार चालू करून ते घरी आले. मध्यरात्रीनंतर पाणी तुटले आणि मोटार कोरडी फिरत राहिली. सभासद म्हणाले, "पेटीत ओव्हरलोड रिले होती की! ती का पडली नाही?" कारण असे की ओव्हरलोड रिले फक्त जास्तीचा करंट बघते. पंपाला उचलायला पाणीच उरले नाही तर ओझे कमी होते आणि करंट खाली जातो. त्यांची मोटार एरवी 12 अँपिअर घ्यायची, ती त्या रात्री 7 च्या आसपास आली असणार. रिलेच्या दृष्टीने सगळे छान चालले होते. पण पाणबुडी मोटारीला थंड ठेवते ते तिच्या भोवतीचे पाणी, आणि बुशांना वंगण मिळते तेही पाण्याचेच. पाणी गेले, दोन्ही गेले.

मोटार भरून आणली. पंधरा दिवसांत पुन्हा जळाली. ह्या वेळी कारण उलटे होते. डीपीवरचा एक फेज गेला होता. खोडवा माना टाकत होता, म्हणून कुणाच्या तरी सल्ल्याने कंडेन्सर लावून मोटार दोन फेजवर चालवली. रिले सारखी पडते म्हणून तिचा खटका शेवटपर्यंत फिरवून ठेवला. पूर्ण ओझ्यावर चालणाऱ्या मोटारीचा एक फेज गेला तर उरलेल्या दोन तारांतला करंट सुमारे पावणेदोन पट होतो. उष्णता मात्र करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पावणेदोन पटीला साधारण तिप्पट. वायंडिंग टिकणार कसे?

स्टार्टरच्या दारावर अँपिअर मीटर होता. त्याची काच फुटलेली आणि काटा कित्येक वर्षे एकाच जागी अडकलेला. दोन्ही वेळा काटा चालू असता आणि कुणी बघितला असता, तर एकदा तो खाली आणि एकदा वर दिसला असता.

दोन वेळचे रिवायंडिंग, मोटार काढण्या-घालण्याची मजुरी आणि तीन आठवडे पाण्याचा ताण. खोडव्याचा एक एकर तर मोडावाच लागला. ह्यात आमचाही दोष आहे, तो लपवत नाही. त्या पंधरवड्यात आम्हीच त्यांच्या बांधावर उभे राहून "काहीही करा, पण पाणी तोडू नका," असे सांगून आलो होतो. कसे चालवा हे सांगितले नाही. तेव्हापासून आमच्या विभागाने ठरवले की शेतावर गेल्यावर पिकाबरोबर पेटीही बघायची.

काट्याची भाषा

आपल्या मोटारीचा पूर्ण ओझ्याचा करंट तिच्या नेमप्लेटवर लिहिलेला असतो. ढोबळमानाने तीन फेज मोटार हॉर्सपॉवरमागे दीड अँपिअर घेते. 5 हॉर्सपॉवरला 7 ते 8, पाणबुडीला थोडा जास्त. चालू करताना पहिल्या क्षणी करंट सहा-सात पट उसळतो आणि लगेच उतरतो, त्याने घाबरू नये. नंतर स्थिर झालेला आकडा बघावा. विहिरीवरच्या नेहमीच्या पंपांबाबत साधारण असे समजावे:

1. काटा नेहमीपेक्षा बराच खाली: पाणी तुटले, फूट व्हॉल्व्हने हवा धरली किंवा पुढचा व्हॉल्व्ह बंद राहिला. मोटार लगेच बंद करावी.

2. काटा नेहमीपेक्षा वर आणि शेतात पाणी कमी: वाटेत पाइप फुटला असेल किंवा इंपेलरमध्ये गाळ अडकला असेल.

3. काटा वर आणि व्होल्टेज खाली: ओझे तेच असल्याने कमी दाबाची भरपाई मोटार जास्त करंट ओढून करते. 415 च्या जागी 350 व्होल्ट मिळाले तर करंट सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. अशा वेळी मोटार चालवू नये.

4. तीन तारांचे आकडे एकसारखे नाहीत: फेज कमजोर आहे, किटकॅट सैल आहे किंवा वायंडिंगमध्ये दोष आहे. व्होल्टेजमधला थोडासा फरकही करंटमध्ये कित्येक पटींनी मोठा होऊन दिसतो.

5. आकडा महिनोन्महिने हळूहळू चढतो आहे: बेअरिंग किंवा बुश झिजत आहे. उन्हाळ्याआधी मोटार वर काढून बघावी.

वायंडिंग नेहमीपेक्षा 10 अंश जास्त तापत राहिले तर त्याच्या इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रिकलवाल्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे मोटार एका रात्रीत जळाली असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा ती दोन-तीन वर्षे थोडी थोडी जळतच असते.

काय बसवावे?

पहिली गोष्ट, चालू स्थितीतला अँपिअर मीटर. दुसरी, करंट बघून काम करणारा प्रिव्हेंटर. ह्यात सी.टी. पेटीच्या आतच असतात. करंट खाली गेला, वर गेला किंवा तिन्ही तारांत फरक पडला, तर तो मोटार बंद करतो. नुसते व्होल्टेज बघणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर स्वस्त असतो, पण फसू शकतो. चालती मोटार गेलेल्या फेजवर स्वतःच थोडे व्होल्टेज निर्माण करते आणि त्याला फेज आहे असेच वाटते. तुटलेल्या तारेतून करंट मात्र वाहत नाही, म्हणून करंट बघणारा सहसा फसत नाही. जिथे अजून रात्रीची पाळी आहे तिथे मोबाईलवर करंट कळवणारे स्टार्टरही उपयोगी आहेत. अंधारात विंचू-काट्यातून विहिरीवर जाण्याची एखादी खेप तरी वाचते.

पण यंत्र बसवले म्हणजे काम झाले असे नाही. त्याच्यात आपल्या मोटारीचा आकडा भरावा लागतो. वायरमनकडून पाणी पूर्ण चालू असताना टाँग टेस्टरने तिन्ही तारांचा करंट मोजून घ्यावा आणि त्यावरून खालची व वरची मर्यादा ठरवावी. मर्यादा सैल ठेवली तर प्रिव्हेंटर भिंतीवरचे शोभेचे घड्याळच ठरतो.

एक सक्त सूचना. पेटी उघडून सी.टी.च्या बारीक तारा स्वतः सोडू नयेत. मोठ्या तारेतून करंट वाहत असताना सी.टी.च्या तारा मोकळ्या राहिल्या तर त्यांच्या टोकांवर जीवघेणे व्होल्टेज येऊ शकते. हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे. आणि पेटीला, मोटारीला अर्थिंग हवेच. ते नसेल तर बाकी सगळे व्यर्थ.

शेवटची विनंती

पावसाळा संपून लागणी सुरू होतील तेव्हा विहिरीत पाणी भरपूर असेल आणि मोटार सुरळीत चालेल. त्याच वेळी एकदा तिन्ही तारांचे अँपिअर आणि व्होल्टेज मोजून तारखेसह पेटीच्या दारावर आतून खडूने किंवा रंगाने लिहून ठेवा. हा आपल्या मोटारीचा निरोगी आकडा. उन्हाळ्यात काही वेगळे वाटले तर त्याच्याशी ताडून बघा. डॉक्टरसुद्धा आधी विचारतो की एरवी ताप किती असतो.

तात्या परवा पुन्हा भेटले. त्यांनी स्टार्टरवरचा मीटर बदलून घेतला आहे. म्हणाले, "साहेब, आता दारं धरायला निघताना आधी काट्याकडं बघतो, मग पाटाकडं." आमची सर्व सभासदांना एवढीच विनंती आहे की तात्यांसारखे करावे. गटातल्या आमच्या कर्मचाऱ्यांना सांगितलेत तर मोजणीच्या दिवशी तेही हजर राहतील.

आपला,
ऊस विकास अधिकारी